यंत्राचा सातबारा



मनमाडहून परभणीकडे येणारी आगगाडी मानवत रोड मागें टाकून पुढें निघाली, कीं परभणीच्या अलीकडे पेडगांवचें स्थानक लागतें. या भागांतील कोणाहि शेतकऱ्यास त्याचें शेत विचारा. तो बोटानें बांध दाखवील. परंतु तंटा उपस्थित झाला म्हणजे बांधापेक्षां कागदाचें वजन अधिक भरतें. तो कागद म्हणजे सातबारा. जमीन कोणाची व कोणत्या हक्कानें, हें गांवनमुना सातमध्यें; तींत काय पिकलें, हें बारामध्यें. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो दिसावयास परका आहे. पण या कागदाच्या आधारानें तो सहज उलगडेल. संगणकाच्या पोटांत शेंकडों कामें एकाच स्मृतींत शेजारीं शेजारीं नांदत असतां एकाचें गुज दुसऱ्यास कळूं नये, एकाच्या लेखावर दुसऱ्यानें बोळा फिरवूं नये, ही व्यवस्था कोण लावतो, असा हा विषय आहे.

संगणकाची स्मृति हें एक अफाट शिवार समजा. त्यांत सारख्या आकाराचे वाफे पाडलेले असतात. एका वाफ्यांत बहुधा ४०९६ बाइट मावतात. प्रत्येक प्रोग्राम 'माझा पहिला वाफा, माझा दुसरा वाफा' असें म्हणतो. तो खऱ्या शिवारांत कोठें आहे हें त्यास ठाऊक नसतें. हा मेळ घालणारें दप्तर निराळें असतें. त्यांतील प्रत्येक नोंदींत खरा पत्ता असतो आणि त्याच्यापुढें हक्क: येथें नुसतें वाचावें, येथें लिहावें, येथील मजकूर हुकूम म्हणून पाळूं नये. ही योजना १९६२ सालीं मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस यंत्रांत प्रत्यक्षांत आली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें टिफ्रॅक १९६० सालीं चालू झालें होतें. त्याच्या स्मृतींत अवघे २०४८ शब्द मावत. एवढ्याशा शिवारांत एका वेळीं एकच वहिवाटदार. मग बांधावरून भांडण व्हावें कसें? शिवार वाढलें, वहिवाटदार वाढले, तेव्हां दप्तराची गरज पडली.

पण कोणतें दप्तर उघडावयाचें हें प्रोसेसरला सांगावें कोणी? येथें रजिस्टर येतें. कचेरींतलें रजिस्टर म्हणजे जाडजूड वही. प्रोसेसरमधलें रजिस्टर म्हणजे एका संख्येपुरता खण. इंटेल घराण्याच्या यंत्रांत सीआर-३ नांवाच्या खणांत दप्तराचा पत्ता ठेवतात, आणि सीआर-० मधील एक कळ दाबली कीं दप्तराचा अंमल सुरू होतो. १९८५ च्या ८०३८६ पासून ही रीत चालत आली आहे. हे खण भरण्याचा अधिकार कर्नलचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचा. इतर प्रोग्रामांना ते शिवतां येत नाहींत.

यांत क्रम फार जपावा लागतो. आधीं दप्तर लिहावें, मग त्याचा पत्ता खणांत ठेवावा आणि शेवटीं कळ दाबावी. कळ दाबतांच कर्नलचा स्वतःचा पुढला हुकूमहि दप्तरांतूनच शोधला जातो. ज्या जागेवर तो उभा आहे तीच नोंदवावयास विसरला, तर प्रोसेसरला पुढचें पाऊल सांपडत नाहीं. चूक हाताळणारा भागहि सांपडत नाहीं. आणि यंत्र एक अक्षरहि न बोलतां पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. दुसरी गोष्ट फेरफाराची. प्रोसेसर वारंवार लागणाऱ्या नोंदींच्या नकला हाताशीं बाळगतो. मूळ नोंद बदलली, पण जुनी नकल रद्द केली नाहीं, तर गेलेल्या हक्कावर वहिवाट चालूच राहते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटते. सीआर-० मध्यें आणखी एक कळ आहे. ती दाबली म्हणजे 'केवळ वाचनासाठीं' असलेल्या वाफ्यावर खुद्द कर्नललाहि लिहितां येत नाहीं. सीआर-४ मधील दुसरी एक कळ कर्नलला इतरांच्या वाफ्यांत अनवधानानें शिरूं देत नाहीं. सत्ताधाऱ्यानें आपणहून आपल्या हाताला घातलेलीं हीं बंधनें होत. कर्नल चुकत नाहीं असें मानण्यापेक्षां तो चुकला तरी अनर्थ टळावा, हें शहाणपण यांत आहे.

तरीहि घात झालाच. जानेवारी १९१८ मध्यें नव्हे, अगदीं अलीकडे, जानेवारी २०१८ मध्यें, 'मेल्टडाउन' नांवाचा दोष जाहीर झाला. कर्नलचे वाफे प्रत्येक प्रोग्रामच्या दप्तरांत 'प्रवेश नाहीं' या शेऱ्यासह नोंदलेले असत. घाईंतला प्रोसेसर शेरा तपासण्याआधींच आंतलें वाचून ठेवी. पुढें तें रद्द करी, पण मागें खूण उरे, आणि त्या खुणेवरून गुपित ओळखतां येई. उपाय असा निघाला कीं, प्रोग्रामच्या दप्तरांतून कर्नलच्या नोंदी जवळजवळ सगळ्या काढून टाकाव्या, आणि कर्नलमध्यें जातां-येतांना सीआर-३ मधील पत्ता बदलावा. त्यापायीं वेग कांहींसा घटला; विश्वासाची ती किंमत होय.

आज पेडगांवच्या शेतकऱ्याचा सातबारा संगणकांतच राहतो व डिजिटल स्वाक्षरीनिशीं घरबसल्या मिळतो. त्याच्या बांधाची राखण जो कागद करतो, त्या कागदाची राखण हे चिमुकले खण करीत आहेत. ते नीट भरणाऱ्याचें नांव कोणत्याहि उताऱ्यावर येत नाहीं; पण त्याच्या दक्षतेवर पुष्कळांची झोंप अवलंबून आहे, एवढें आपण ध्यानीं ठेवावें.