नजर अडली, आवाज नाही



अंदमानच्या सेल्युलर जेलमधल्या कोलूबद्दल, म्हणजे तेलाच्या घाण्याबद्दल, आपण पुष्कळ ऐकलेले असते. आज बोलायचे आहे ते त्या इमारतीबद्दल. कारण ती इमारत हीच एक शिक्षा होती.

1896 ते 1906 या काळात ती उभी राहिली. विटा ब्रह्मदेशातून आल्या, मजुरी बेटावरच्या कैद्यांनीच केली. मध्ये मनोरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली इमारती. बराक नाहीच, जवळपास सातशे कोठड्या, एकेकीत एकेक माणूस. साडेतेरा फूट लांबी, साडेसात फूट रुंदी आणि हवेसाठी झरोका, तोही दहा फुटांवर! एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. त्यामुळे दाराशी उभे राहिले तरी समोर भिंतच. कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत. गजांतून हात घातला तरी पोहोचू नये अशी.

1911 साली सावरकरांना इथे आणले आणि सातव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ठेवले. थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. पण एका आवारात असूनही भावाला भाऊ कित्येक दिवस दिसला नाही. नकाशा काढणाऱ्याला हवे होते ते साधले होते.

मात्र त्याने विचार केला होता तो डोळ्यांचा. कान त्याच्या हिशेबात नव्हते. वर्षे सरली तशी कैद्यांना भिंत उमगत गेली. ठोके मोजून अक्षरे ठरली आणि शेजारच्या कोठडीशी बोलणे सुरू झाले. कागद नव्हता, तेव्हा सावरकरांनी त्याच भिंतीवर कविता कोरल्या आणि पाठ केल्या. चुन्याचा हात फिरून ओळी पुसल्या गेल्या, तोवर त्या डोक्यात पक्क्या बसलेल्या असत.

पुढच्या पिढीने तर एकांताचा पायाच खचवला. 1933 च्या उपोषणात महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांनी प्राण दिले. त्यानंतर पुस्तके मिळू लागली, कैद्यांचे अभ्यासवर्ग भरू लागले. 1937 मध्ये पुन्हा उपोषण झाले, तेव्हा दोनशेहून अधिक राजबंदी त्यात होते. आणि 1938 च्या सुरुवातीपर्यंत सरकारला त्यांना मुख्य भूमीवर परत न्यावे लागले.

आज सातांपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. तिथे गेलात, तर मनोऱ्यावरून तुरुंग पाहून लगेच परतू नका. मनोऱ्यावरून दिसतो तो सरकारने बांधलेला तुरुंग. कैद्यांचा तुरुंग पाहायचा, तर एखाद्या कोठडीत शिरून भिंतीला कान लावायला हवा.