दुसऱ्या डोसाचा दिवस
(वार्षिक सेवासभेत केलेले भाषण)



वर्षभराच्या सेवेविषयी बोलायला मला उभे केले आहे. वसतिगृह आणि शिवणवर्ग यांची माहिती छापील अहवालात आहे, ती कृपया घरी वाचावी. मी आज मेंढ्यांविषयी बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीने करावी लागणार आहे.

जिंतूर तालुक्यातील ज्या आंध वस्तीवर आपण जातो, तिथल्या लोकांकडे शेळ्या आहेत, थोडी गुरे आहेत. पिके निघाली की धनगरांचा वाडा तिथे उतरतो. शेतकरी रात्री मेंढ्या शेतात बसवून घेतात. शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. सहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर, असाच एक वाडा आला. तिसऱ्या दिवशी वाड्यावरच्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, मेंढरं खाईनात. तोंडं सुजलीत."

मी जाऊन पाहिले. ओठ जाड झालेले, तोंडातून लाळ, नाकपुड्यांभोवती खपल्या, काही लंगडत होत्या. लाळ आणि लंगडणे, मला एवढेच पुरले. मी सांगून टाकले, ही लाळ्या-खुरकूत आहे. वस्तीवरचे लोक आपल्या गुरांसाठी घाबरले आणि त्यांनी वाडा हलवायला सांगितले. मीही त्यांच्याच बाजूने बोलले. मावशींनी भांडण केले नाही. एक कोकरू ओच्यात घेतले आणि भर दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात, ती मेंढरे सुजलेल्या पायांवर चालू लागली. पुढच्या गावाच्या शिवाराला लागेपर्यंत अकरा मेली.

दोन दिवसांनी जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भेटले. त्यांनी विचारले, "वस्तीवरची किती गुरं आजारी पडली?" एकही नाही. "मग लाळ्या-खुरकूत कशी म्हणता, ताई?" रक्ताच्या तपासणीत नीलजिव्हा निघाली. डॉक्टर मंडळी तिला ब्लूटंग म्हणतात.

हा रोग एका मेंढीच्या अंगाला दुसरीचे अंग लागून पसरत नाही. मच्छरदाणीच्या भोकांतूनही आत शिरतील अशी बारीक चिलटे असतात, ती चावल्याने विषाणू पसरतो. ही चिलटे ओल्या शेणात, चिखलात वाढतात आणि दिवस मावळताना व पहाटे चावतात. म्हणून साथ पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग येते. माणसाला हा रोग होत नाही. आपल्याकडे गाई-म्हशींच्या रक्तात विषाणू असतो, पण त्या बहुधा धडधाकट दिसतात, आणि मरते ती मेंढी. म्हणजे ज्या गुरांना वाचवायला आम्ही वाडा हाकलला, विषाणू कदाचित त्यांच्यातच आधीपासून असेल. आणि अशा आजारी मेंढीला लागते काय? सावली, पाणी, मऊ चारा आणि विसावा. आम्ही नेमके उलटे केले.

नावावर जाऊ नका, बरे का. जीभ निळी होते ती थोड्याच मेंढ्यांची. निळ्या जिभेची वाट पाहत बसलो तर रोग ओळखायचा राहून जातो. खुराच्या वरच्या कडेला लाल पट्टा, मान वाकडी होणे, लोकर गळणे, गाभण मेंढी गाभडणे, या खुणा पाहायच्या. धर्मशास्त्राच्या पदविकेला मला 'पाळकीय काळजी' हा विषय होता. कळपाविषयी पुष्कळ लिहिले मी त्या पेपरात. मेंढीचे खूर कधी पाहिले नव्हते.

हा रोग आपल्याकडे नवा नाही. भारतातली त्याची पहिली नोंद आपल्या महाराष्ट्रातलीच मानली जाते. शेळ्या-मेंढ्यांतली ती साथ सप्रे यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. पण लस यायला पन्नास वर्षे लागली, त्याला कारणही आहे. या विषाणूचे जगात चोवीसहून जास्त प्रकार आहेत आणि एका प्रकाराची लस दुसऱ्याला सहसा अडवत नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी प्रकल्पात, चेन्नईच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या सहभागाने, पाच प्रकारांची एकत्र लस तयार झाली: १, २, १०, १६ आणि २३. विषाणू मारून केलेली ही लस आहे. काही देशांत जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस देतात, तिचा गाभण मेंढ्यांच्या पोटातल्या पिलांना धोका असतो. मेलेला विषाणू वाढत नाही, त्यामुळे तो धोका इथे टळतो. युरोपात, नेदरलँड, बेल्जियम, जर्मनीत हा रोग २००६ साली शिरला तेव्हा तिथे गाईसुद्धा आजारी पडल्या. २००८ पासून त्यांनी मोठ्या प्रमाणावर लस टोचली, तेव्हा साथ आवरली.

आता आपली अडचण सांगते. ही लस पावसाळ्याआधी द्यावी लागते, आणि दोनदा. पहिल्या डोसानंतर साधारण चार आठवड्यांनी दुसरा. चार आठवड्यांत वाडा कुठच्या कुठे गेलेला असतो! पहिल्या डोसाला आपण फोटो काढले, चहा झाला, प्रार्थना झाली. दुसऱ्या डोसाच्या वेळी तोच वाडा गोदावरीकाठी गंगाखेडच्या बाजूला निघून गेला होता आणि त्यांचा फोन बंद होता. पाच वाड्यांपैकी तीनच सापडले. बाटली एकदा उघडली की उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही, म्हणून वाडे जवळजवळ गाठावे लागतात. टोचायचे काम पशुवैद्यकच करतात. वाडा शोधणे आणि लस थंड ठेवणे हे आपले काम.

त्या मावशी आता माझ्याशी बोलतात. लगेच नाही बोलल्या, तिसऱ्या वर्षी बोलल्या. वाडा हलला की त्यांचा नातू मला मिस्ड कॉल देतो. वस्तीवरचा एक आंध तरुण मोटरसायकलवर पुढे जाऊन ठिकाण पाहून येतो. ज्यांनी वाडा हाकलला त्यांच्यातलाच तो.

यंदा दुसरा डोस मे महिन्यात आहे. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, आणि ती गोठूनही चालत नाही, म्हणून बाटल्या आणि बर्फ यांच्यामध्ये कापड ठेवतो. परभणीचे मे महिन्यातले ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपारपर्यंत बर्फाच्या पिशव्या दोनदा बदलाव्या लागतात. आदल्या रात्री त्या गोठवायला ज्यांच्या घरच्या फ्रीजमध्ये जागा असेल, त्यांनी सभेनंतर मागच्या बाकाजवळ मला भेटावे. मी वही घेऊन बसणार आहे.