भिंतीवरचं सर्टिफिकेट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



सचिवकाकांनी मला विषय दिला 'फार्मसीचं शिक्षण'. यंदा आपल्या सोसायटीतली काही मुलं बारावी सायन्स झाली, म्हणून. पण तुमच्या मनातला प्रश्न वेगळाच आहे, हे मला ठाऊक आहे. ही एवढी एम.फार्म. झालेली पोरगी, आणि दुपारी दोन वाजले की खालच्या गाळ्याचं शटर ओढून घरी जाते! कामाला मुलगा आहे ना, मग दुकान बंद कशाला? मागच्या सर्वसाधारण सभेतही हा विषय निघाला होता. तेही सांगते, पण आधी मुलांचं.

राजुरीत बहुतेकांना वाटतं की मेडिकल टाकायला एम.फार्म. लागतं. तसं नाही. बारावी सायन्सनंतर डी.फार्म. म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा आणि ५०० तासांचं प्रत्यक्ष काम, किंवा चार वर्षांची बी.फार्म., एवढ्यावर महाराष्ट्र राज्य औषध व्यवसाय परिषदेकडे नोंदणी करता येते. डिप्लोमासाठी २०२२ मध्ये एक्झिट परीक्षेचे नियम आलेत, तेव्हा प्रवेश घेताना त्याची चौकशी करा. एम.फार्म. दोन वर्षांचं, आणि ते लागतं कॉलेजात शिकवायला, कंपनीत, संशोधनात. गैरसमज होतो तो बाहेरच्या देशांमुळे. इंग्लंडमध्ये एम.फार्म. हीच चार वर्षांची पहिली पदवी आहे, तिच्यानंतर वर्षभर प्रशिक्षण, परीक्षा आणि मग नोंदणी. तिकडचा भाचा-पुतण्या 'एम.फार्म. करतोय' म्हणाला की इकडे आपण घाबरतो. आता आळ्याला, बेल्ह्याला फार्मसी कॉलेजं झालीत. आमच्या वेळी मी पुण्याला खोली घेऊन राहिले.

बी.फार्म. झाल्यावर माझी नोंदणी झाली. फोटो लावलेलं सर्टिफिकेट घरी आलं तेव्हा आईने ते देवापुढे ठेवलं होतं. मग एम.फार्म.ला औषधशास्त्र घेतलं. जीपॅट ही परीक्षा पास झाली की महिन्याला विद्यावेतन मिळतं, आता ते १२,४०० रुपये आहे. माझी जीपॅट हुकली. बाबांनी दोन गाई विकून फी भरली होती, खोलीभाडं आणि मेस कुठून आणायची?

तो २०१२ चा सुमार होता. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांच्या तपासण्या जोरात चालल्या होत्या. कायदा काही नवा नव्हता. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय औषध द्यायचं नाही, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहेच. पण तपासणी वाढली तशी आमच्या सर्टिफिकेटांना किंमत आली. दुसऱ्या तालुक्यातल्या एका दुकानदाराने विचारलं, "ताई, नुसतं सर्टिफिकेट लावा. यायचं काम नाही. महिन्याला तीन हजार देतो."

मी लावलं. आज पहिल्यांदाच हे चारचौघांत सांगतेय. वर्गातल्या आणखी काही जणांनीही तेच केलं होतं, आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. सात महिने पैसे वेळेवर आले.

आठव्या महिन्यात फोन आला, "मॅडम, एकदा येऊन बिलबुकावर मागच्या सह्या करून जा." गेले. एका आजींना सांधेदुखीसाठी, म्हणजे आमवातासाठी, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं होतं. ही गोळी आमवाताला आठवड्यातून एकदाच घेतात. चिठ्ठीवर वारही लिहिला होता, मंगळवार. काउंटरवरच्या पोराने सवयीने सांगितलं, "रोज एक, जेवल्यावर." आजींनी नऊ दिवस रोज घेतली. तोंड आलं, पाणीसुद्धा गिळवेना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

हे औषध पेशींना फॉलिक अ‍ॅसिड वापरू देत नाही. ते नेमकं कसं, यावर मी त्याच महिन्यात कॉलेजात सेमिनार दिला होता. सरांनी शाबासकी दिली होती. आणि इथे भिंतीवर, काचेत, माझा फोटो हसत होता.

त्या पोराचा मला राग आला नाही. तो दहावी नापास, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मी सह्या केल्या नाहीत. सर्टिफिकेट काढून पिशवीत टाकलं. दवाखान्यात गेले, पण खोलीच्या दारापर्यंतच. आजींची सून भाताची पेज भरवत होती. मी कोण म्हणून आत जाणार होते? आजी बऱ्या झाल्या, घरी गेल्या. कोणी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. राहिलेलं वर्ष मी शिकवण्या घेऊन काढलं.

कंपनीत दोन वर्षं नोकरीही केली. "एवढं शिकून गोळ्या विकायला बसलीस?" हे माझ्या मामांनी विचारलं, तुमच्यापैकी काहींनीही विचारलंय. पण गोळ्या विकायला तो पोरगाही पुरेसा होता. मी बसते ते चिठ्ठी वाचायला. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांच्यात औषधाचं प्रमाण सारखं नसतं. थेंबांच्या बाटलीतलं चमच्याने पाजलं तर बाळाला किती तरी जास्त जातं. म्हणून मी बाटली देताना 'बाळाचं वजन किती?' विचारते. मागे रांग असली की तुम्ही चिडता. चिडा. मी विचारणारच.

आठवड्याच्या गोळीच्या पाकिटावर मी लाल पेनने वार लिहिते आणि तो घेणाऱ्याकडून मोठ्याने म्हणवून घेते. बी विंगमधल्या एक काकू त्यावरून माझी चेष्टा करतात, "आज कुठला वार गं, मास्तरीणबाई?"

तर दुपारी दोन ते चारचं हे असं आहे. त्या वेळात मी जेवते, लेकीला शाळेतून आणते. मी नसताना शटर वर राहणार नाही. मुलाला सुट्टी देते, तोही जेवतो. अडीनडीला बेल वाजवा, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. हात धुऊन खाली येते. येताना चिठ्ठी मात्र आणा.