दिल्लीतले पहिले वर्ष : प्रवेशापासून खोलीपर्यंत

(गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी सायंकाळच्या आरतीनंतर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. कार्यकारिणीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



आरती झाल्यावर भाषण आणि भाषण झाल्यावर प्रसाद, हा आपल्या मंडळाचा जुना डाव आहे. त्यामुळे वक्ता कसाही असला तरी श्रोते टिकून राहतात. आजही तो डाव यशस्वी झालेला दिसतो.

मला सांगितलेला विषय आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची तयारी. मी शिक्षक नाही, समुपदेशकही नाही. मुनिरकात छत्तीस वर्षे राहिलेला माणूस आहे, एवढाच माझा अधिकार. जुलै १९८९ मध्ये मी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, झेलम एक्सप्रेसमध्ये बसलो आणि दुसऱ्या दिवशी एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला लाडवांचा डबा घेऊन नवी दिल्लीला उतरलो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात रशियन भाषेच्या बी.ए.ला प्रवेश मिळाला होता. तिथल्या वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. मला झेलम मिळाले. झेलममधून उतरलो आणि झेलममध्येच राहिलो. मी पदवी घेईपर्यंत सोव्हिएत युनियन हा देशच उरला नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे भाषांतराच्या कामावर संसार झाला, त्यामुळे तक्रार नाही.

त्या विद्यापीठात गोदावरी आहे, कोयना आहे, चंद्रभागा आहे आणि आपली तापी ताप्ती या नावाने आहे. घरून निघालेल्या मुलीला गोदावरीत जागा मिळाली की तिच्या आईला उगाचच बरे वाटते. पण एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळाले असे नाही. वसतिगृहाचा अर्ज निराळा, यादी निराळी आणि ती यादी लागेपर्यंतचे आठवडे काढायचे कुठे हा प्रश्न निराळा. दिल्ली विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांना वसतिगृहच नाही. म्हणून मुले मुनिरकात येतात, बेर सरायला जातात, कटवारिया सरायला जातात. सत्य निकेतनला जातात ती दक्षिण परिसराच्या कॉलेजांमुळे. तिथल्या मेट्रो स्टेशनाचे नाव दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस आहे. दुर्गाबाई मूळच्या आंध्रच्या, पण त्यांचे यजमान चिंतामणराव देशमुख आपले, महाडकडचे. १९६२ ते १९६७ या काळात तेच दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. ते स्टेशन आले की मी शेजारच्या प्रवाशाला हे सांगतो. त्याला विशेष काही वाटत नाही.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण आपली मुले गुणांत कमी पडत नाहीत, कागदात अडकतात.

२०२२ पासून दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू या दोन्ही ठिकाणी पदवीचा प्रवेश सीयूईटी या परीक्षेवर होतो. ती मराठीतूनही देता येते. पूर्वी बारावीच्या टक्क्यांवर कट-ऑफ लागायचा आणि आपल्या बोर्डाचा अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचा मुलगा दाराबाहेर राहायचा. ते आता गेले. पण दुसरी अट आली. दिल्ली विद्यापीठासाठी बारावीला जे विषय घेतले त्यातच ही परीक्षा द्यावी लागते, आणि अर्थशास्त्राच्या ऑनर्सला गणित लागतेच. आपल्याकडे कॉमर्सची कितीतरी मुले अकरावीला गणित सोडून देतात, घरचेही म्हणतात बरे झाले, सुटलास. दोन वर्षांनी कळते की त्या दिवशी एक दार बंद झाले होते. तेव्हा ज्यांची मुले आज दहावीत आहेत त्यांनी हे आजच ऐकून ठेवावे. जागावाटपाच्या फेरीत मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर विद्यार्थी त्या प्रक्रियेतूनच बाहेर पडतो. म्हणजे "पुढच्या फेरीत बघू" म्हणत हातची जागा सोडायची नाही. आधी ती घ्यायची, मग वरच्या पसंतीची वाट पाहायची.

जातीच्या दाखल्याचे तर दरवर्षीचे आहे. तहसील कचेरीतून आणलेला राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. आपल्याकडची एसईबीसी ही वर्गवारी केंद्रात नाही. भटक्या-विमुक्तांचा स्वतंत्र कोटाही इथे नाही. त्यांपैकी ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत त्यांना ओबीसीतून अर्ज करता येतो. ओबीसीचा नॉन-क्रीमीलेयर दाखला आणि ईडब्ल्यूएसचा दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. मार्चमध्ये घाईने काढून ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. शहाणपणा केला आणि फुकट गेला. बोर्डाचे मायग्रेशन सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, यांच्या मूळ प्रती मुलाजवळ असाव्यात, मामाच्या कपाटात नकोत.

आणि नाव! आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर नेमके उलटे. इथल्या खिडकीवरचा बाबू पहिला शब्द वाचून हाक मारतो. एका मुलाला महिनाभर सगळे "कुलकर्णी" म्हणूनच ओळखत होते आणि वडिलांचे नाव हेच त्याचे आडनाव आहे अशी नोंदही झाली होती. तो बिचारा लाजून काही बोलला नाही. नोंद पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी, पुढे पदवीवर तेच नाव येते. बोलायची लाज हा आपला जुना आजार. हिंदी येत नाही म्हणून गप्प बसायचे. अहो, मी आलो तेव्हा "उच्च शिक्षा" अशी पाटी वाचून दचकलो होतो, की इथे फाशी देतात की काय! शिकलोच ना हळूहळू.

अभ्यासक्रमाविषयी थोडे सांगतो, कारण आई-वडिलांच्या वेळचे एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. आता नाही. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून नवी रचना आली. पहिल्या सत्रात बावीस क्रेडिट. मुख्य विषयाचे तीन पेपर चार-चार क्रेडिटचे, एक जीई चारचा, आणि एईसी, एसईसी, व्हीएसी हे तीन छोटे दोन-दोनचे. तीन वर्षांची पदवी एकशे बत्तीस क्रेडिटची, चौथे वर्ष केले तर एकशे शहात्तर. मुले मुख्य विषयाची चिंता करतात आणि जीई "जो मिळेल तो" घेतात. तिथेच चूक होते. जीई हा दुसऱ्या विभागाचा विषय असतो. एकाच विषयाचे सात जीई, म्हणजे अठ्ठावीस क्रेडिट झाले तर चौथ्या वर्षाअखेर तो विषय मायनर म्हणून पदवीला जोडला जातो. ती साखळी पहिल्या सत्रात सुरू होते. काही कॉलेजांत हे विषय "जो आधी येईल त्याला" या न्यायाने पहिल्या काही दिवसांत वाटले जातात आणि आपली मुले तेव्हा खोली शोधत हिंडत असतात.

हजेरी दोन-तृतीयांश लागते. गणेश चतुर्थीची इथे सुट्टी मोठी नाही. गणपतीला आठ दिवस घरी, मग दिवाळीला पंधरा दिवस, आणि मध्ये एक ताप आला की हिशेब बिघडला. म्हणून तर मंडळ इथे गणपती बसवते, असे मी गमतीने म्हणतो. दिवाळीच्या गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तारीख आजच मोजा. रजई घरून आणू नका, ऑक्टोबरात इथे घ्या.

आता खोलीचे सांगतो. बाकीचे विसरलात तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, आमच्या शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा दक्षिण परिसरातल्या एका कॉलेजात आला. घरातला कॉलेजला जाणारा पहिलाच. वडिलांनी मला फोन केला, "साहेब, पोरगा एकटाच येतोय, लक्ष असू द्या." मी मुलाशी बोललो. नंबर दिला आणि आपण सगळेच म्हणतो तेच म्हणालो, "काही लागलं तर फोन कर हं." माझे घर आणि त्याची खोली यांत पायी बारा मिनिटांचे अंतर होते. मी गेलो नाही. गणपती होते, स्मरणिकेची छपाई होती, कारणे पुष्कळ होती.

त्याने मुनिरका गावातल्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर खोली घेतली होती. आपल्यापैकी ज्यांनी त्या गल्ल्या पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. समोरासमोरच्या बाल्कनीतून हात मिळवता येतो आणि दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागते. खिडकी नाही. दाराशी सदा साचलेले पाणी. भाडे कमी म्हणून घेतली, दोन महिन्यांची अनामत आधी भरली, पावती नाही. सप्टेंबरात त्याला डेंग्यू झाला. चार दिवस तो एकटा पडून होता. वरच्या मजल्यावरच्या मणिपूरच्या मुलाने त्याला उचलून सफदरजंग रुग्णालयात नेले. मुलगा वाचला. वडील आले, त्याला घेऊन गेले. घरमालकाने अनामत परत दिली नाही. हजेरी गेली, सत्र गेले, आणि तो परत आला नाही.

हे मला कळले दिवाळीला. फोन वडिलांचाच होता, शुभेच्छांचा. रागाचा एक शब्द नाही. म्हणाले, "तुमचा नंबर होता त्याच्याजवळ. पण त्याला वाटलं, एवढ्यातेवढ्यासाठी साहेबांना कशाला त्रास द्यायचा."

त्या वाक्यानंतर माझ्या घरी दिवाळी झाली नाही. नंबर दिला की आपले कर्तव्य झाले असे मी समजत होतो. नवख्या मुलाला फोन करणे किती अवघड असते हे मी, स्वतः त्याच वाटेने आलेला माणूस, विसरलो होतो. १९८९ मध्ये मीही पहिला महिनाभर एका दूरच्या नातेवाइकाचा पत्ता खिशात घेऊन हिंडलो आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो होतो.

तेव्हापासून मी आणि मंडळातले दोघे-तिघे खोल्या पाहायला जातो. सांगतो तेवढे करा. खोली दुपारी बारा वाजता पाहायची आणि दिवा बंद करून पाहायची. दलालाला काही विचारू नका, त्याला त्याचे पंधरा दिवसांचे किंवा महिन्याचे भाडे मिळवायचे असते. जिन्यात भेटणाऱ्या भाडेकरूला विचारा, पाणी किती वाजता येते, विजेचा दर काय लावतात, आधीच्या माणसाची अनामत परत मिळाली का. विजेचा वेगळा मीटर असेल तर पहिल्या दिवशीच्या आकड्याचा फोटो काढून घरमालकाला पाठवा. अनामत रोख देऊ नका, खात्यावर द्या, म्हणजे पुरावा राहतो. पोलिसांची भाडेकरू पडताळणी करून घ्या. घरमालक टाळाटाळ करत असेल तर खोली कितीही छान असली तरी सोडा. जिन्याखाली वायरींचे जाळे आणि बाहेर पडायला एकच अरुंद वाट असेल तरी सोडा.

मुलींच्या पालकांना मुनिरका हे नाव १६ डिसेंबर २०१२ मुळे ठाऊक आहे, आणि त्या थांब्याचे नाव ऐकून त्यांच्या पोटात गोळा येतो. तो येणारच. मला स्वतःला मुलगी आहे. २०१८ पासून मुनिरकाला मेट्रो आहे, रात्री तिने यावे, स्टेशनापासून खोलीपर्यंतची वाट उजेडाची आहे का हे दिवसा नव्हे तर रात्री नऊला चालून पाहावे. आणि मुलीला "घाबरू नकोस" म्हणण्याऐवजी आमच्यापैकी कोणाला तरी तिच्याबरोबर ती वाट चालायला सांगावे. आम्ही येऊ.

शेवटचे एक सांगून थांबतो, मोदक निवत चालले आहेत. त्या मुलाने पुढे तालुक्याच्याच कॉलेजात प्रवेश घेतला. यंदा जूनमध्ये त्याचा मला फोन आला. त्याच्या धाकट्या बहिणीने सीयूईटी दिली होती. दाखला कोणत्या नमुन्यातला, पसंतीक्रम कसा भरायचा, सगळे त्यानेच विचारून घेतले, तारखा त्यानेच सांभाळल्या. ती आली आहे, इथेच बसली आहे. नाव घेत नाही, लाजेल. तिच्यासाठी चार खोल्या पाहिल्या, चौथी घेतली. दुसरा मजला आहे, भाडे त्याच्या खोलीपेक्षा दीड हजाराने जास्त आहे आणि खिडकी पूर्वेला आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी मंडपातच बसणार आहे. ज्यांची कागदपत्रे अडली आहेत त्यांनी मूळ प्रती घेऊन यावे. ज्यांची काही अडचण नाही त्यांनी खोलीचा पत्ता तेवढा वहीत लिहून जावा, फोन नंबर लिहिला नाही तरी चालेल. आम्हीच येऊन जाऊ.

गणपती बाप्पा मोरया!