तळाशी वाळू की नुसती काच?

दोन्ही समुद्रांपासून शेकडो मैल दूर असलेल्या बालाघाटात खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीविषयी बोलणे कित्येकांना गमतीचे वाटेल. 1951 साली मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा समुद्र त्याच्या दारातच होता. आपल्याला मात्र तो विकतच्या मिठातून घडवावा लागतो. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम. म्हणूनच येथे चूक महाग पडते, आणि पहिली चूक बहुधा तळाशी होते.

मीही ती केली. वैनगंगेची वाळू स्वच्छ धुऊन पेटीत चांगली वीतभर जाड पसरली. पाहणारे तिची वाखाणणी करीत. चौथ्या महिन्यात एक कोपरा साफ करावा म्हणून थर उकरला, तो खालून काळी वाळू आणि सडक्या अंड्यांचा दर्प वर आला. संध्याकाळपर्यंत दोन्ही क्लाउनफिश दगावले.

घडले ते असे. उरलेले अन्न आणि विष्ठा वाळूत मुरतात. वरच्या थरातील जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. खालच्या, प्राणवायू नसलेल्या थरातील जीवाणू त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करतात. जाड थराचे पुरस्कर्ते याच गुणावर भर देतात. पण तेथेच हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही साचतो, आणि थर उकरताच तो पाण्यात मिसळतो. शिवाय नदीची वाळू मुख्यतः गारेची. चुनखडीच्या वाळूप्रमाणे ती पाण्याला चुना देत नाही. आपला जिल्हा तर मलाजखंडच्या तांब्याचा. कोणत्या वाळूत काय आहे हे डोळ्यांना दिसत नसते, आणि प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तांब्याचा अंशही मारक ठरतो.

मग तळ उघडा ठेवावा काय? त्याचा मोठा लाभ म्हणजे घाण लपत नाही. नळीने ती ओढून घेता येते. पाण्याचा प्रवाह हवा तितका जोरदार ठेवता येतो. उपयुक्त जीवाणूंना सच्छिद्र खडकांत घर मिळतेच. उणीव एवढीच की, वाळूत शिरून झोपणाऱ्या माशांची त्यात गैरसोय होते. असे मासे पाळायचेच असतील, तर चुनखडीच्या जाडसर वाळूचा दोन-तीन सेंटीमीटरांचा थर द्यावा आणि तो नियमाने साफ करावा. मात्र त्यासाठी किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे वेचून आणू नयेत. कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

माझे सांगणे इतकेच की, तळ हा पेटीचा दागिना नव्हे, ते तिचे पोट आहे. नवशिक्याने पहिले वर्ष काच उघडीच ठेवावी. वाळू पुढे केव्हाही घालता येते. मुरलेली वाळू काढणे मात्र माशांच्या जिवावर बेतते.