'मानभावी' म्हणताना
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज मी आपल्या धम्मावर थोडं आणि शेजारच्या एका पंथावर जास्त बोलणार आहे. त्याला कारण माझीच चूक आहे. मागे समितीच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबावरून वाद झाला. रागाच्या भरात मी एका सभासदाला म्हणालो, "हे मानभावी बोलणं बंद करा." बैठक संपल्यावर एक उपासिका जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझं माहेर महानुभाव आहे. ढोंगी म्हणायचं होतं तर ढोंगी म्हणा ना." मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर मी हा शब्द वापरला, पण तो आला कुठून हे कधी पाहिलं नाही.

महानुभाव म्हणजे थोर अनुभवाचा माणूस. त्याचं 'मानभाव' झालं आणि 'मानभावी' म्हणजे ढोंगी असा अर्थ मराठीत रुजला. "करणी कसाबाची, बोलणी मानभावाची" ही म्हण आपण सगळे वापरतो. (तीत बिचाऱ्या कसाबाचाही अपमान आहेच.) पण नीट ऐका, म्हणीत मानभावाचं बोलणं गोडच मानलं आहे. अहिंसा पाळणारे, मृदू बोलणारे लोक म्हणून ते ओळखले जात. त्या मृदूपणाचीच लोकांनी शिवी केली.

असं का झालं? १३व्या शतकात, यादवांच्या काळात, चक्रधरस्वामी महाराष्ट्रात गावोगाव फिरले. त्यांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरचे. हे गोविंदप्रभू महार-मांगांच्या वस्तीत जात, त्यांच्या हातचं खात, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यास दिला. मासिक पाळीचा विटाळ मानायचं कारण नाही, शरीरातून इतर मळ बाहेर पडतात तसाच तो एक, असं त्यांनी सांगितलं. आजही किती घरांत बाई चार दिवस बाजूला बसते, हे इथल्या भगिनींनी मनाशी पाहावं. पुढे नागदेवाचार्यांनी ग्रंथ मराठीतच ठेवण्याचा आग्रह धरला, कारण संस्कृत झालं तर म्हाताऱ्या बाया धर्माला मुकतील. असे लोक त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांना कसे परवडणार?

मग गैरसमज उठले. पहिला असा, की हे देव मानत नाहीत. खरी गोष्ट अशी, की ते एकच परमेश्वर मानतात आणि श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू व चक्रधर हे त्याचे पाच अवतार मानतात. इतर देवता मोक्ष देत नाहीत म्हणून त्यांना ते भजत नाहीत. गावच्या जत्रेला जो नवस फेडत नाही, त्याला गाव नास्तिक म्हणतं. १९५६ नंतर आपल्या वाडवडिलांनी देव्हारे रिकामे केले तेव्हा आपल्यालाही हेच ऐकावं लागलं.

दुसरा समज असा, की हे दगडमातीचे ओटे पूजतात. चक्रधर जिथे बसले, राहिले, जेवले, त्या जागी ओटे बांधून ते वंदन करतात. अवताराचा त्या जागेशी संबंध आला, एवढाच त्यामागचा भाव. आपल्याकडेही बुद्धांनी वापरलेल्या वस्तू आणि बोधिवृक्ष यांना पारिभोगिक चैत्य म्हणतात. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे राहतो आणि लोक विचारतात, "तुम्ही तर देव मानत नाही, मग हे काय?" वंदना म्हणजे नवस नव्हे, हे त्यांना समजावताना आपला घसा सुकतो. मग ओट्याला हसण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

तिसरा समज सगळ्यांत वाईट. त्यांचे साधू काळी वस्त्रं घालत आणि पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहीत. त्यामुळे आत काहीतरी घाणेरडं असलं पाहिजे, असं लोक कुजबुजत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. आत निघालं काय? लीळाचरित्रासारखे ग्रंथ, मराठीचं जुन्यात जुनं गद्य, महदंबेसारख्या कवयित्रीची रचना. जे पाप म्हणून दडवलंय असं लोकांना वाटत होतं, ते आज कॉलेजात अभ्यासाला आहे. रिद्धपूरला तर आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे.

आता आपल्या बाजूचा एक गैरसमज. आपल्यातले काही उत्साही मित्र म्हणतात, महानुभाव म्हणजे लपलेले बौद्धच. असं म्हणू नये. ते परमेश्वर मानतात, आपण मानत नाही. ते श्रीकृष्णाला भजतात, आणि आपण २२ प्रतिज्ञांत राम-कृष्णाला देव न मानण्याचं वचन दिलं आहे. हा फरक लहान नाही, तो लपवून जवळीक करू नये. ज्याला जे आहे ते राहू देऊनही शेजार करता येतो. बाबासाहेबांचे वडील कबीरपंथी होते, तेही कबीरपंथी म्हणूनच सांगितलं जातं.

त्या उपासिकेकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा दिला, वर म्हणाल्या, "भाऊ, हिशेबाचं काय झालं ते सांगा." तो हिशेब पुढच्या बैठकीत लागला. ज्या सभासदाला मी तसं बोललो होतो, त्यांचाच बरोबर निघाला.