दूर राहण्याची सेवा

नागपूरच्या पूर्व भागांत कळमना येथें मोठी बाजारपेठ आहे. संत्र्यांचे ढीग, मिरचीची धूळ, पोत्यांची ने-आण हें तेथील नित्याचें दृश्य. अशा वस्तींतील एखाद्या घरांत रोगप्रतिकारशक्ति क्षीण झालेला रोगी असल्यास ओल्या पोत्यावरील बुरशी किंवा शेजाऱ्याचें साधें पडसेंही त्याच्या जिवावर बेतूं शकतें. ही शक्ति कांहींची जन्मतःच उणी असते, कांहींची एच.आय.व्ही.नें वा कर्करोगावरील औषधांनीं घटते. तर कांहींची स्वतःच्याच शरीरावर उलटते व ती औषधांनीं आवरावी लागते.

रोग्याजवळ डॉक्टर घटकाभर असतो. दिवसभर असते ती परिचारिकेची सहायिका, जिला सारे ‘मावशी’ म्हणतात. रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं साबणानें किमान 20 सेकंद हात धुणें, संत्रें सोलण्याआधीं धुणें, ताजें शिजवलेलें अन्न देणें, हीं तिचीं कामें. 1847 सालीं व्हिएन्नाच्या सूतिकागृहांत सेमेलवाइस या डॉक्टरानें सहकाऱ्यांस हात धुवावयास लावतांच बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले होते. अशा रोग्याच्या जखमेंत पू वा लाली दिसेलच असें नाहीं; पुष्कळदां ताप हीच एकमेव सूचना असते. म्हणून पारा 100.4 अंश फॅरनहाइटवर जातांच मावशीनें डॉक्टरांस कळवावयास हवें.

परंतु सर्वांत कठीण कर्तव्य निराळेंच आहे. स्वतःस पडसें झाल्यास तिनें त्या दिवशीं येऊंच नये. रोजावर पोट असलेल्या बाईस हें परवडत नाहीं. ती खोकला दाबून येते. म्हणून त्या दिवसाचा रोज न कापणें, हेंही घरच्या माणसांनीं रोग्यास दिलेलें औषधच होय.